छातीवरचा दुभंगलेला क्रौंच

चीनमधल्या छिंग राजवटीच्या दरबारातल्या अव्वल दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या अंगावर क्रौंच पक्षी असतो, चौकोनी तुकड्यात रेशमाने भरलेला. पाठीवर हा पक्षी अखंड असतो. छातीवर मात्र मधोमध दुभंगलेला, अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे. मालिका बघताना हे पहिल्यांदा नजरेत भरलं तेव्हा मी चित्र थांबवलं आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. शिवणकाम करणाऱ्याला कारण लगेच कळतं. वरचा झगा पुढून उघडणारा आहे, मध्ये गुंड्यांची ओळ आहे, तेव्हा भरतकामाचा तुकडा दोन भाग करूनच लावावा लागणार. त्याआधीच्या मिंग काळात झगा कडेला बांधला जायचा, म्हणून तिथे छातीवरचा पक्षीसुद्धा सलग. मिंग गेले, छिंग घराण्याचे मांचू आले, राजवट बदलली, आणि हा बदल पक्ष्याच्या पोटावर शिवणीने लिहिलेला आहे.

मी चीनचा इतिहास शिकले तो असा, कापडाच्या बाजूने.

साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडे आमचा कपडेपट आहे. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सुरू केला आणि आता मी चालवते. अंगरखे, बाराबंद्या, चोळणे, शेले, मंदील, जिरेटोप, सरदारांच्या पगड्या, राण्यांचे शालू, मावळ्यांचे पोशाख, सगळं भाड्याने जातं. शाळांची गॅदरिंग, शिवजयंतीची मिरवणूक, शाहू कला मंदिरात होणारे हौशी संघांचे प्रयोग, चैत्रातल्या जत्रांमधले वग. पावसाळ्यात मात्र गिऱ्हाईक नसतं. साताऱ्याचा पाऊस कपडेपटाचा वैरी. मखमलीला बुरशी धरते, जर काळी पडते, डांबराच्या गोळ्या किती टाकल्या तरी वास राहतोच. त्या महिन्यांत मी डागडुजी करत बसते. हाताला काम असतं, डोळे मोकळे असतात. अशाच एका पावसाळ्यात पुण्याची भाची मुक्कामाला आली आणि तिने एक चिनी मालिका लावून दिली. म्हणाली, "मावशी, तू नुसते कपडे बघ. गोष्ट आपोआप कळेल."

ती मालिका म्हणजे २०११ सालची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस'. चिनी नाव झेन ह्वान या नायिकेवरून आहे. ७६ भाग. काळ योंगझेंग सम्राटाचा, म्हणजे १७२२ ते १७३५. खाली इंग्रजी ओळी येतात, त्या वाचत वाचत बघायची.

मालिकेची सुरुवात मुली निवडण्याने होते. हा प्रकार खरा आहे. छिंग राजघराणं मांचू. त्यांच्या फौजेचे आणि प्रजेचे आठ ध्वजांत गट पाडलेले होते, आणि या ध्वजांतल्या घरांतल्या ठरावीक वयाच्या मुली दर तीन वर्षांनी राजवाड्यात दाखवायला न्याव्याच लागत. निवड झाली की दर्जा मिळे. सर्वांत वर सम्राज्ञी, एकच. तिच्याखाली एक ह्वांग ग्वेइफेइ, मग दोन ग्वेइफेइ, चार फेइ, सहा पिन, आणि त्याखाली ग्वेइरन, छांगझाय, दायिंग या कितीही. मालिकेत या नावांचा भडिमार होतो आणि नवा प्रेक्षक गांगरतो. मला मात्र त्यात गोडी वाटली, कारण प्रत्येक नावामागे नेमणूक बांधलेली होती. सम्राज्ञीला वर्षाला १००० तोळे चांदी. चिनी तोळा आपल्या तोळ्यापेक्षा बराच जड, तो फरक ध्यानात ठेवायचा. ह्वांग ग्वेइफेइला ८००, ग्वेइफेइला ६००, फेइला ३००, पिनला २००, ग्वेइरनला १००, छांगझायला ५०, दायिंगला ३०. शिवाय कापड, मांस, तांदूळ, कोळसा, मेणबत्त्या, सगळं दर्जाप्रमाणे. थंडीत एखाद्या बाईच्या दालनात धूर करणारा हलका कोळसा येतो तेव्हा तिचं काय झालं आहे हे तिथल्या दासीलासुद्धा कळतं. मालिकेत असे प्रसंग येतात आणि ते इतके बोचतात याचं कारण त्यामागची यादी खरी आहे.

रंगांचंही तसंच. पुढे योंगझेंगच्या मुलाच्या, छ्येनलोंग सम्राटाच्या काळात दरबारी पोशाख, टोप्या, दागिने, वाद्यं, छत्र्या यांच्या नियमांचा सचित्र ग्रंथ तयार झाला, १७५९ मध्ये. त्यात लिहिलं आहे की लखलखीत पिवळा रंग सम्राज्ञी आणि ह्वांग ग्वेइफेइ यांच्या दरबारी झग्याला. ग्वेइफेइ आणि फेइ यांना सोनेरी पिवळा. पिनला त्याहून मंद, धुपाच्या रंगाचा. तीन पिवळे, आणि त्यांच्यामधल्या पायऱ्या चढण्यात आयुष्यं सरलेली. आम्ही कपडेपटवाले राजाला जांभळी मखमल आणि प्रधानाला हिरवी देतो ती रंगमंचावर ओळखू यावी म्हणून. त्या दरबारात हा कायदा होता. अधिकाऱ्यावर सम्राटाची मर्जी बसली की टोपीला मोरपीस लागायचं, पिवळं जाकीट मिळायचं. मर्जी गेली की टोपीवरचा मणी आणि पीस काढून घ्यायचे. पहिल्या दर्जाच्या टोपीला माणिक, दुसऱ्याला पोवळं, तिसऱ्याला नीळमणी. मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर पक्षी, लष्करी अधिकाऱ्याच्या छातीवर पशू. समोरून येणारा माणूस कोण आहे, त्याला किती वाकायचं, हे तो तोंड उघडण्याआधी ठरलेलं.

सातारकराला हे परकं वाटायचं कारण नाही. पेशवेपद दिलं जायचं ते वस्त्रांनीच. बाळाजी विश्वनाथ गेले आणि शाहू महाराजांनी १७२० च्या एप्रिलमध्ये बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली ती आपल्या जिल्ह्यातल्या मसूरला. अधिकार अंगावर घालायची वस्तू आहे हे आपल्याकडेही पक्कं होतं.

इथूनच माझा तक्ता सुरू झाला. कापडाच्या ठाणात जो लांब जाड कागद असतो तो मी फेकत नाही. त्यातला एक भिंतीवर लावला, मधोमध रेघ मारली, डावीकडे सातारा आणि उजवीकडे बीजिंग. योंगझेंगचा बाप कांगशी सम्राट गादीवर आला १६६१ मध्ये, सातव्या वर्षी. त्याला देवी येऊन गेलेल्या होत्या, तो आता त्या रोगाने मरणार नाही, हे त्याच्या निवडीचं एक कारण होतं. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक होत होता तेव्हा हा कांगशी विशीतला होता आणि दक्षिणेतल्या तीन बलाढ्य सरंजामदारांचं बंड मोडत होता. ते बंड १६७३ ते १६८१ चाललं. मग १७०८. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडची लढाई जिंकली, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी कांगशीने आपल्या युवराजाला, यिनरंगला, पदावरून काढलं. पुढच्या वर्षी परत नेमलं, १७१२ मध्ये पुन्हा काढलं. इतके मुलगे, वारस कोण ते ठरेना, आणि भावाभावांत पक्ष पडले. इकडे ताराबाईंचा पक्ष आणि शाहूंचा पक्ष, १७३१ चा वारणेचा तह, कोल्हापूरची गादी वेगळी.

तक्त्यावर हे समोरासमोर आलं तेव्हापासून मालिकेतला दरबार मला लांबचा वाटेनासा झाला. योंगझेंग हा शाहू महाराजांच्या पिढीचा माणूस. एक १६७८ चा, दुसरे १६८२ चे. मी दुकान उघडायला जाते त्या रस्त्यांची पेठ वसत होती त्याच वर्षांत तो बीजिंगमध्ये लाल शाईने शेरे लिहीत बसला होता.

आता त्या मालिकेबद्दल जे खटकलं तेही सांगायला हवं. झेन ह्वान ही बाई कल्पित आहे. मूळ कादंबरीत राजवट काल्पनिक होती. मालिका करताना ती योंगझेंगच्या काळात बसवली. शेवटी झेन ह्वान राजमाता होते, आणि त्या जागी इतिहासात छ्येनलोंगची आई, न्योहुरू घराण्यातली, खरोखर होती. ती १७७७ पर्यंत जगली आणि मुलाने तिचा फार मान ठेवला. मालिकेतलं विष, कपट, प्रेम हे सगळं लेखिकेचं.

ह्वा फेइ या पात्राचं उदाहरण घ्या. अंगावर ऐट, डोळ्यांत जरब, आणि पाठीशी सेनापती भाऊ. भाऊ खरा आहे: न्येन गंगयाव. पश्चिमेकडच्या मोहिमांत त्याने मोठं यश मिळवलं, मग डोक्यात हवा गेली, आणि योंगझेंगने त्याच्यावर ९२ गुन्हे ठेवून १७२६ च्या सुरुवातीला त्याला आत्महत्येचा हुकूम दिला. त्याची बहीण जनानखान्यात होती हेही खरं. मालिकेत तिला मूल होऊ नये म्हणून सम्राट तिच्या दालनात औषधी धूप लावायला देतो, आणि ती भिंतीवर डोकं आपटून मरते. खऱ्या न्येन बाईला चार मुलं झाली, तीन मुलगे आणि एक मुलगी. सगळी लहानपणीच गेली. भावावर खटला चालू असताना ती आजारी पडली. सम्राटाने तिला ह्वांग ग्वेइफेइचा दर्जा दिला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती वारली. मला ही खरी हकिकत मालिकेतल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते. भावाला मरणाकडे ढकलणारा हात तिला बढती देतो आहे, आणि तिच्या कुशीतली तीन मुलं आधीच एकेक करून गेलेली आहेत.

डोक्यावरचे ते मोठे पंखासारखे आडवे काळे साज, मध्ये फूल आणि कडेला गोंडा लोंबणारे, तेही त्या काळाचे नव्हेत. इतके मोठे साज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. आधी ते लहान होते, केसांतच गुंडाळलेले. २०१८ च्या 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस'मध्ये ते लहान दाखवले आहेत, एका कानात तीन तीन डूल आहेत, जो मांचू बायकांचा खरा रिवाज होता, आणि रंगही भडक न ठेवता विटलेले, दबलेले ठेवले आहेत. ती मालिका बघताना मी सुई खाली ठेवली होती.

योंगझेंगवर मात्र अन्याय झाला आहे असं मला ठामपणे वाटतं. जनानखान्याच्या मालिकांत तो संशयी, थंड, कोपिष्ट नवरा एवढाच उरतो. संशयी तो होताच. भावांना त्याने कैदेत टाकलं, त्यांची नावं बदलून अपमानकारक नावं दिली. पण राज्य त्याने रात्र रात्र जागून चालवलं. अधिकारी त्याला खासगी बंद पेटीतून अहवाल पाठवत आणि तो स्वतः त्यावर लाल शाईने उत्तर लिही. एका विश्वासू अधिकाऱ्याला लिहिलेल्या शेऱ्यात तो म्हणतो, मी असाच माणूस आहे, असाच माझा स्वभाव आहे, असाच मी सम्राट आहे. गादीवरून तंटे होऊ नयेत म्हणून त्याने १७२३ मध्ये वारसाचं नाव लिहून ते पेटीत बंद केलं आणि राजवाड्यातल्या एका दालनात, सिंहासनावरच्या फलकामागे ठेवलं. तो फलक मालिकांत पुन्हा पुन्हा दिसतो. आता तुम्ही बघाल तेव्हा त्याच्या मागे काय आहे ते लक्षात ठेवा.

कर चांदीत गोळा व्हायचा. बारीक तुकडे वितळवून मोठ्या लगडी करताना चांदी घटते, या सबबीखाली स्थानिक अधिकारी लोकांकडून वरकड वसूल करून खिशात घालत. आपल्याकडच्या जुन्या हिशेबांत नाण्यांवर बट्टा असे, त्याच जातीचा हा प्रकार. योंगझेंगने हा वरकड पैसा प्रांताच्या खजिन्यात जमा करायला लावला आणि त्यातून अधिकाऱ्यांना उघडपणे मोठा भत्ता बांधून दिला, प्रामाणिक राहण्यासाठी. हे सगळं बघायचं असेल तर १९९९ ची 'योंगझेंग डायनॅस्टी' बघा, ४४ भागांची. कपडे साधे आहेत, चित्र जुनं आहे, पण राज्यकारभार त्यात आहे.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याच मालिकेत भेटली नाही आणि जिच्यामुळे हा माणूस माझ्या मनात घर करून बसला. शान्शी प्रांतात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची काही घराणी पिढ्यान् पिढ्या हीन ठरवलेली होती. त्यांच्या पूर्वजांनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला गादी बळकावणाऱ्या मिंग सम्राटाला विरोध केला होता, त्याची ही शिक्षा. त्यांना इतरांशी लग्न नाही, सरकारी परीक्षा नाही. योंगझेंगने गादीवर येताच, १७२३ मध्ये, त्यांच्यावरचा हा शिक्का काढून टाकला; मग इतर प्रांतांतल्या अशाच काही गटांवरचाही. कागदावर काढलेला शिक्का माणसांच्या मनातून लगेच जात नाही, तिथेही गेला नाही. तरी एका सम्राटाने हे कागदावर तरी केलं. आमच्या दुकानात तमाशाच्या फडातल्या बायका कपडे न्यायला यायच्या तेव्हा अप्पा त्यांना खुर्ची देऊन चहा मागवायचे आणि त्यावरून पेठेतल्या काही लोकांनी आमच्याकडे येणं सोडलं होतं. मी तेव्हा लहान होते, पण ते मला आठवतं. म्हणून शान्शीच्या त्या वाजंत्र्यांबद्दल वाचलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

योंगझेंगचं आणखी एक रूप खास आमच्या धंद्याचं. त्याने वेगवेगळ्या पोशाखांत स्वतःची चित्रं काढून घेतली होती. एकात तो तिबेटी लामा आहे, एकात मंगोल, एकात ताओ पंथाचा साधू, आणि एकात चक्क युरोपीय, कुरळ्या केसांचा टोप घालून हातात त्रिशूळासारखं शस्त्र घेऊन वाघावर चालून निघालेला. ही चित्रं बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत. मांचू सम्राटाच्या राज्यात कित्येक जातिधर्मांचे लोक होते आणि त्या प्रत्येकाच्या अंगरख्यात शिरून बघणं हा राज्य समजून घेण्याचा एक रस्ता असावा, असं मला वाटतं.

याच्या बरोबर उलट आपले शाहू महाराज. ग्रँट डफने नोंदवलेली हकिकत साताऱ्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. कोणी एक सरदार दागिने मढवून, ऐटीत दरबारात येणार होता. महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीचे कपडे, जवाहीर घातलं, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतः डोक्याला कधी काही घातलं नाही. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आहे. पगडीशिवाय छत्रपती! बीजिंगमध्ये टोपीवरच्या मण्यावरून माणसाची किंमत ठरत होती त्याच काळात हे साताऱ्यात घडत होतं. शाहू महाराजांचा पोशाख मागायला लोक येतात तेव्हा मी त्यांना ही हकिकत सांगते, आणि भरजरी पगडी हवीच असेल तर देतेही.

डोक्याचा विषय निघाला म्हणून मुंडणाचा हुकूम. मांचूंनी १६४४ मध्ये बीजिंग घेतलं आणि १६४५ मध्ये फर्मान काढलं की सगळ्या पुरुषांनी दहा दिवसांत पुढचं डोकं भादरून मागे वेणी ठेवायची, नाहीतर मृत्युदंड. दक्षिणेत जियांगयिन, जियादिंग अशा गावांनी हे मानलं नाही आणि तिथे कत्तली झाल्या. मालिकांत सगळे पुरुष त्या वेणीने दिसतात आणि आपण ती नुसती त्या काळची पद्धत समजतो. ती शरणागतीची खूण होती. बायकांवर ही सक्ती नव्हती. चिनी बायका आपल्या जुन्या पेहरावात राहिल्या. आणि रंगभूमीवरच्या नटांवरही नव्हती. नाटकात मिंग काळचे कपडे घालायला मोकळीक होती. त्यामुळे रस्त्यावरून, घरांतून, दरबारातून जो पोशाख गेला तो नाटकवाल्यांच्या पेट्यांत टिकला. आजही चिनी संगीतनाटकात राजे आणि प्रधान ज्या झग्यांत वावरतात त्यांचा घाट मिंग काळचा आहे. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. एका संपूर्ण समाजाचा पेहराव अडीचशे वर्षांहून जास्त काळ कपडेपटांनी सांभाळला.

केसांवरून दुसरी एक सम्राज्ञी आठवते. छ्येनलोंगची दुसरी सम्राज्ञी, नारा घराण्यातली. १७६५ मध्ये सम्राटाच्या दक्षिणेच्या दौऱ्यात ती बरोबर होती. हांगझोऊला काहीतरी बिनसलं आणि तिने आपले केस कापले. मांचूंमध्ये बाई केस कापते ती नवरा किंवा वडीलधारं माणूस गेल्यावर. नवरा जिवंत असताना कापणं म्हणजे काय, हे मराठी बाईला समजावून सांगावं लागत नाही. तिला तडक बीजिंगला परत पाठवलं. पुढच्या वर्षी ती वारली आणि तिला सम्राज्ञीचे अंत्यसंस्कारसुद्धा मिळाले नाहीत.

या बाईवर २०१८ च्या एकाच वर्षात दोन मोठ्या मालिका आल्या, आणि मी प्रत्येकाला सांगते की दोन्ही बघा. 'यानशी पॅलेस'मध्ये ती कारस्थानी खलनायिका, आणि वेइ घराण्यातली दासी नायिका. ८७ भागांच्या 'रूयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस'मध्ये नारा नायिका, आणि तीच वेइ बाई खलनायिका. दोघीही इतिहासात होत्या. वेइ बाई छ्येनलोंगच्या वारसाची, ज्याचिंग सम्राटाची, आई. नोंदी त्याच, घटना त्याच, केस कापणं दोन्हीकडे आहे, आणि निष्कर्ष उलटे. आपल्या रंगभूमीवर संभाजी महाराजांचं काय झालं ते मला अप्पांच्या पेट्यांवरून माहीत आहे. जुन्या नाटकांत त्यांना व्यसनी, चैनी दाखवत, त्यासाठीचे कपडेही तसे सैल, भडक शिवलेले. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र आलं, चित्र पालटलं, आणि पुढच्या नाटकांसाठी आम्ही योद्ध्याचा पोशाख शिवला. दोन्ही पोशाख अजून दुकानात आहेत. जुना आता कोणी नेत नाही.

छ्येनलोंगची पहिली सम्राज्ञी फुछा घराण्यातली, ती मला सर्वांत प्रिय. 'यानशी पॅलेस'मध्ये ती साध्या फुलांनी केस सजवते आणि ते नोंदींना धरून आहे: मोती, पाचू न वापरता ती रेशमाची, वनस्पतीच्या गराची फुलं माळत असे. मांचू पूर्वज साधेपणाने राहत याची आठवण म्हणून तिने नवऱ्याला हरणाच्या लोकरीची पिशवी करून दिली होती. ती १७४८ मध्ये दौऱ्यावर असताना वारली. त्या दुःखात छ्येनलोंग इतका कठोर झाला की सुतकाचे शंभर दिवस संपण्याआधी डोकं भादरलेल्या काही बड्या अधिकाऱ्यांना त्याने मृत्यूची शिक्षा दिली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७४९ मध्ये, साताऱ्यात शाहू महाराज गेले आणि सकवारबाई सती गेल्या. १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना अजिंक्यताऱ्यावर कैद केलं. माझ्या तक्त्यावर ही तीन वर्षं शेजारीशेजारी आहेत आणि तिथे कागद लिहून लिहून भरला आहे.

कापडाचा माग काढताना आणखी एक घर सापडलं. राजवाड्यासाठी रेशीम विणून घेणारे सरकारी कारखाने तीन: नानजिंग, सुझोऊ, हांगझोऊ. नानजिंगच्या कारखान्यावर साओ यिन नावाचा कांगशीच्या विश्वासातला माणूस होता. तो रेशीम पाठवायचा आणि सोबत दक्षिणेतल्या लोकांच्या, पावसापाण्याच्या, अधिकाऱ्यांच्या खासगी बातम्याही पाठवायचा. कांगशीने दक्षिणेचे सहा दौरे केले, त्यांतल्या चारांत यजमानपण या साओंकडे होतं, आणि त्या खर्चाने खजिन्यात खड्डा पडला. योंगझेंगने हिशेब मागितला आणि घराची जप्ती झाली. त्या पडत्या घरात वाढलेला साओ श्युएचिन पुढे चीनची सर्वांत गाजलेली कादंबरी लिहून गेला. कापडाच्या कोठाराची किल्ली असलेल्या घरातल्या मुलाला कपडे किती बारकाईने दिसले असतील!

सध्या मी 'मिंग डायनॅस्टी १५६६' बघते आहे. २००७ ची, ४६ भागांची. जनानखाना जवळजवळ नाही, सगळे म्हातारे प्रधान आणि तिजोरी. खजिना रिकामा, म्हणून झेजियांग प्रांतात भातशेती काढून तुतीची लागवड करायची, रेशीम विकून पैसा उभा करायचा, हा मालिकेचा धागा. शेतकऱ्याच्या घरात भात पिकणार नाही तर तो खाणार काय, हे वरच्यांना दिसत नाही. यातला हाय रुई हा माणूस खरा. त्याने १५६६ मध्ये ज्याजिंग सम्राटाला तोंडावर सुनावणारं पत्र लिहिलं, आणि पाठवण्याआधी स्वतःसाठी शवपेटी आणून ठेवली. कैदेत पडला, सम्राट वारल्यावर सुटला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी 'यानशी पॅलेस' बघावं, त्यातले कपडे डोळ्यांना वळण लावतात. मग 'रूयी'. मग मागे जाऊन झेन ह्वान, आणि त्यानंतर 'योंगझेंग डायनॅस्टी'. ज्यांना शाळेत ह्युएन त्संग आवडला होता, त्यांनी तांग काळची २०१९ ची 'द लाँगेस्ट डे इन छांगआन' घ्यावी. ती कथा ७४४ मधली, म्हणजे तो भारतातून परतल्यानंतर शंभर वर्षांची, पण शहर तेच. बघताना हाताशी वही ठेवा आणि पात्राचं नाव आलं की ते खरं होतं का, कधी वारलं, एवढं तरी शोधा.

एका शाळेने यंदा देशोदेशींच्या पोशाखांसाठी चिनी वेष मागितला आहे. बाजारात लाल साटीनचा तयार मिळतो तो मी घेतलेला नाही. गडद निळ्या कापडाचा पुढून उघडणारा झगा बेतला आहे, बाह्या घोड्याच्या खुरासारख्या, शिकारी मांचूंच्या हाताची पाठ थंडीत झाकणाऱ्या, आणि खाली घोड्यावर बसता यावं म्हणून ठेवलेले काप. क्रौंच मशीनवर भरायला दिला आहे. भरणाऱ्याने विचारलं, ताई, मधोमध कापू म्हणता, चांगला पक्षी खराब होईल. मी त्याला बसवून घेतलं आणि मिंगांपासून सुरुवात केली.